अडेलतट्टू

आमच्या मुलांच्या रायडिंग क्लबात पहिल्या दिवशी कुणालाही खोगिरावर बसवत नाहीत. नियम माझाच, त्यामुळे प्रवेशाच्या दिवशी बोलणीही मीच खाते. पोरं नवंकोरं हेल्मेट घालून येतात आणि हातात पडतो खरारा. पालकांचा ठरलेला प्रश्न असतो : हा पोनी मोठा होऊन घोडा कधी होणार? होत नाही हो. घोड्याचं पिल्लू ते शिंगरू. पोनी म्हातारा झाला तरी पोनीच. खांद्याशी साधारण १४८ सेंटिमीटरपर्यंत भरला की पोनी, हा ढोबळ हिशेब.

त्या दिवशी नऊ वर्षांचा एक मुलगा असाच हिरमुसून उभा होता. त्याला आमचा अबलख नावाचा पोनी दिला. हा अबलख दोन दिवस रिंगणात डावीकडे वळताना थांबत होता. टाच लावली की कान मागे. वहीत मीच लिहून ठेवलं होतं, ‘अडतो. आळस. कडक राहावं.’ सगळ्यांसमोर अडेलतट्टू म्हणूनही झालं होतं.

मुलाला दाखवलं : थेट मागून जायचं नाही, तिथलं त्याला दिसत नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचं. हात पायावरून खाली सरकवत खूर उचलायचा. खुरातली घाण काढायचा आकडा टाचेकडून पुढे ओढायचा, म्हणजे तळातल्या मऊ त्रिकोणाला टोक लागत नाही. तीन खूर झाले. पुढच्या डाव्याशी स्वारी थांबली.

“ताई, हा पाय गरम आहे.”

“उन्हात उभा होता ना.”

“मग बाकीचे तीन का नाहीत?”

हात लावला. खूर चांगलाच तापलेला. घोट्याच्या मागे बोटं ठेवली. निरोगी पायात तिथली नाडी शोधावी लागते. इथे ती बोटांवर आदळत होती. फरशीवर चालवलं, तर डावा पाय टेकला की मान वर. वाळूत हे लपलं होतं. निदान मला तरी दिसलं नव्हतं. आदल्याच दिवशी त्याच्यावर बसलेल्या मुलीला मी ‘टाच लाव, लाव टाच’ म्हणून ओरडत होते.

व्हेट आले. चिमट्याने तळवा दाबत गेले, एका जागी अबलखाने पाय हिसकला. तिथे सुरीने पापुद्रा पापुद्रा खरवडायला सुरुवात केली. मुलाला घरी जा म्हटलं, जाईना. दोन हात लांब उकिडवा बसून राहिला. एकाएकी राखाडी-काळं पाणी सुटलं आणि असा वास आला की मी तोंड फिरवलं. खूर कठीण, त्याला फुगता येत नाही. आत पू झाला की सगळा दाब आतल्या आत. वाट मिळाल्यावर अबलखाने मान खाली टाकून लांब फुरफुर केली. मग पोटीस, पट्टी, आणि धनुर्वाताच्या लसीची तारीख तपासणं. घोड्यांना धनुर्वाताचा धोका फार.

मी वहीतली ओळ खोडली. तेवढ्यात मुलाची आई न्यायला आली.

“काय रे, बसलास का घोड्यावर?”

“नाही,” तो म्हणाला, “पण पू काळा असतो, आई. हात धुतले तरी येतोय बघ वास.”