अडकवलंस का?

आपल्याकडे डोंगर श्रावणात हिरवे होतात. इथे कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो, त्यामुळे मिल्पिटसच्या पूर्वेच्या डोंगरांना हिरवाई येते ती फेब्रुवारी-मार्चात, आणि मे उजाडला की सगळं गवत वाळून पिवळं पडतं. मधले हे दोन-अडीच महिने आम्हा हँग ग्लायडिंग करणाऱ्यांच्या, म्हणजे इंजिनाशिवाय पंखाला लटकून उडणाऱ्यांच्या, हक्काचे. वर्षभर उडता येतं, पण वसंतातल्या हवेला जो जोर असतो तो नंतर नसतो.

ही गोष्ट एप्रिलमधल्या एका शनिवारची. गुरुवारी पाऊस येऊन गेला होता, शुक्रवारी वारा भणाणत होता आणि शनिवारी सकाळी आभाळ धुऊन पुसल्यासारखं लख्ख होतं. अशा दिवसाची आम्ही वाट पाहत असतो. पावसाच्या मागून वरच्या थरात थंड, कोरडी हवा येते आणि खाली ऊन जमीन तापवू लागतं. तापलेल्या उतारावरची हवा बुडबुड्यासारखी सुटते. चढताना तीही थंड होत जाते, दर हजार मीटरला साधारण १० अंशांनी, पण भोवतालची हवा तिच्याहून थंड असेल तोवर ती चढत राहते. हेच ते थर्मल. आम्ही त्यात शिरतो आणि घारीसारखे गोल फिरत वर जातो. साताऱ्यात लहानपणी अजिंक्यताऱ्यावर घारी पंख न हलवता चढताना पाहायचो, तेव्हा त्या कशाच्या जोरावर चढतात हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. ते कळलं ते वयाच्या सदतिसाव्या वर्षी, एड लेव्हिन पार्कच्या छोट्या टेकडीवर शिकताना. त्याला आता नऊ वर्षं झाली.

एड लेव्हिनला वेगवेगळ्या उंचीवरून उडता येतं. शिकणारे खालच्या टेकडीवरून सुरुवात करतात. सगळ्यात वरच्या जागेला आम्ही तिच्या उंचीवरूनच 'सतराशे पन्नास' म्हणतो, म्हणजे १७५० फूट. आमच्या क्लबाचं नाव 'विंग्ज ऑफ रोगॅलो'. फ्रान्सिस रोगॅलो आणि त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९४८ साली लवचीक पंखाच्या पेटंटसाठी अर्ज केला. घरच्या पडद्याच्या कापडातून पतंग शिवून त्यांनी प्रयोग केले होते. पुढे नासाने अंतराळयान जमिनीवर उतरवायला तो पंख वापरता येईल का, हेही तपासून पाहिलं. ते बारगळलं, पण तो पंख मात्र माणसांनी पाठीवर घेतला. १९७१ मध्ये डेव्ह किलबर्न आमच्या शेजारच्याच मिशन रिजवरून पायांनी धावत सुटला आणि तासाभराहून जास्त वेळ हवेत राहिला. हे सगळं आपल्या अंगणात घडलंय, याचा आम्हाला मनापासून अभिमान आहे.

त्या दिवशी वर आम्ही सातजण होतो. सगळ्यांची नावं इथे घेत नाही. एक मात्र सांगायला हवेत. एकाहत्तर वर्षांचे, हाडाचे सुतार, सत्तरच्या दशकापासून उडणारे. मी मनातल्या मनात त्यांना सुतारकाका म्हणतो. आणि दुसरी आमच्यातली सगळ्यात नवी, नागपूरची, फ्रीमाँटला राहणारी. ती मला दादा म्हणते. वरून उडण्याची तिची ती तिसरी खेप होती.

साडेअकराला माझा पंख जोडून झाला. साडेपाच मीटर लांबीच्या पिशवीतून नळ्या, तारा आणि शिड बाहेर काढायचं, पंख उघडायचे, शिडाला आकार देणाऱ्या वाकवलेल्या कांड्या एकेक करून खोबणीत सरकवायच्या, प्रत्येक पिन डोळ्यांनी बघायची आणि हातानेही चाचपायची. पाऊण तास लागतो. मी घाई करत नाही. मग हार्नेस, म्हणजे अंगात घालायचा पट्ट्यांचा साज, चढवला, त्याचा कॅराबिनर, म्हणजे चाप असलेली धातूची कडी, पंखाच्या पट्ट्यात अडकवला आणि सुतारकाकांना हाक मारली. त्यांनी पुढून पंखाचं नाक धरलं, मी आडवा होऊन पट्ट्यावर लोंबकळलो, पोट आणि पंखाखालच्या त्रिकोणी चौकटीची खालची दांडी यांमधलं अंतर पाहिलं. मुख्य पट्टा, राखीव पट्टा, कॅराबिनरची चाप, पायांचे पट्टे, सगळं जागेवर. याला आम्ही हँग चेक म्हणतो.

तेवढ्यात मागून नागपूरकर ओरडली. तिचा पंख नुकता उभा राहिला होता, बाजूने झुळूक आली आणि डावं टोक उचललं गेलं. तीस किलोच्या आतबाहेरचं ते धूड, पण पंख दहा मीटर पसरलेला. एकदा वाऱ्याने पकडला की उलटायला दोन सेकंद पुरतात. सगळ्यात जवळ मी होतो. मी कॅराबिनर सोडला, माझा पंख नाकावर टेकवून सुतारकाकांच्या हवाली केला आणि धावत जाऊन तिची बाजूची तार धरली. दोघांनी मिळून पंख वाऱ्याकडे वळवला, खाली बसवला. एक कांडी निसटली होती, ती परत लावली. तिचे हात थरथरत होते. "दादा, गेलाच होता बघा," म्हणाली. मी म्हटलं, "काही झालं नाही, पाणी पी."

पाच-सहा मिनिटं गेली असतील. परत आलो तर हवा छान जमून आली होती. उतारावरचं गवत खालून वर लाटांसारखं वाकत येत होतं, म्हणजे खाली थर्मल सुटलं होतं आणि त्याच्या मागे वारा ओढला जात होता. समोर दोन लाल शेपटीचे ससाणे वळत वळत वर चालले होते. बाकीचे म्हणत होते, "जा, जा, हीच वेळ आहे." मी हातमोजे चढवले, त्रिकोणी चौकटीत शिरलो, पंख खांद्यांवर उचलला आणि चार पावलं चालून कडेला आलो. सुतारकाका पुढच्या तारा धरून उभे होते.

मी म्हणालो, "क्लिअर!"

हा शब्द ऐकला की तारा धरणाऱ्याने हात सोडून बाजूला व्हायचं आणि उडणाऱ्याने धावायचं, असा रिवाज. सुतारकाका हलले नाहीत. त्यांनी विचारलं, "अडकवलंस का?"

"हो," मी म्हणालो.

हा 'हो' मला अजून कानांत ऐकू येतो. मी खोटं बोललो नव्हतो, टोलवलंही नव्हतं. डोळ्यांसमोर कॅराबिनर अडकवल्याचं चित्र स्वच्छ होतं: मुख्य पट्टा, राखीव पट्टा, चाप. ते चित्र खरंच होतं. फक्त ते दहा मिनिटांपूर्वीचं होतं. मधे सोडलेला कॅराबिनर माझ्या आठवणीत कुठेच नव्हता, कारण तो सोडताना माझं सगळं लक्ष तिच्या उचललेल्या पंखावर होतं. हात आपोआप गेला होता आणि हाताने केलेलं मनाने टिपलंच नव्हतं.

काका म्हणाले, "दाखव."

दाखवायचं म्हणजे पंख खांद्यांवरून आणखी वर उचलायचा. अडकवलेलं असेल तर पट्टे ताणले जातात आणि मांड्यांवर हार्नेसची ओढ बसते. मी उचलला. हात सरळ होत गेले आणि ओढ आली नाही. पंख हलका हलका वर गेला, माझ्यापासून सुटा. मान वळवून पाहिलं तर पट्टा माझ्या पाठीमागे वाऱ्यावर हलत होता.

काकांनी तारा घट्ट धरल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "खाली ठेव."

न अडकवता धावलं तर काय होतं हे या खेळातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पंख उडतोच. माणूस मात्र दांडीला हातांनी लटकलेला राहतो. सगळं वजन दांडीवर आल्यामुळे पंख नाक खाली करून वेग घेतो, त्याला वळवायला अंगाचं वजन सरकवता येत नाही, आणि जमीन वेगाने लांब जात असते. छातीवरचं पॅराशूट हार्नेसला असतं, पण ते फेकायला एक हात सोडावा लागतो. उडण्याच्या या प्रकारात यानेच अनुभवी माणसं गेली आहेत. मी ते वाचलं होतं, नव्यांना शिकवलंही होतं. आणि दर वेळी मनात कुठेतरी वाटत असे की हे निष्काळजी लोकांचं होतं.

मी कडेपासून मागे आलो, पंख ठेवला आणि गवतात बसलो. पाय गार पडले होते. काका शेजारी येऊन बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "आज उडायचंय का? नाही म्हणालास तरी मी गाडीने खाली सोडीन." मी म्हटलं, "अर्धा तास द्या." त्या अर्ध्या तासात तीन जण उडून गेले. नागपूरकरही गेली, आणि फार सुंदर गेली. मी तिच्या नाकाच्या तारा धरल्या होत्या. तिला तेव्हा काहीच सांगितलं नाही. उडायच्या तोंडावर कोणाला असं सांगायचं नसतं.

साडेबाराला मी पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. अडकवलं, लोंबकळलो, कडेला आलो, उचललं. मांड्यांना ओढ बसली. काकांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा उचलून दाखवलं. "क्लिअर." तीन पावलं टाकली आणि चौथं हवेत पडलं.

उड्डाणाबद्दल थोडंच सांगतो. फाटकाच्या वरच्या अंगाला, गायी चरतात त्या उतारावर, उजवा पंख झटक्याने उचलला गेला. मी त्याच बाजूला वळलो आणि व्हेरिओ, म्हणजे चढ-उतार आवाजाने सांगणारं यंत्र, किणकिणायला लागला. सकाळी ससाणे होते तिथेच थर्मल होतं. आमच्यातला एकजण आधीच वर डावीकडे वळत होता, म्हणून मीही डावीकडेच. आधी आलेला ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने मागच्याने फिरायचं, हा नियम. मॉन्युमेंट पीकवरचे टॉवर खाली गेले, पलीकडे कालावेरस जलाशय उघडा पडला. चार हजार फुटांच्या जवळपास होतो तेव्हा सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या दक्षिण टोकाची मिठागरं तांबूस दिसत होती आणि मोफेट फील्ड विमानतळाचा तो अवाढव्य जुना हँगर काडेपेटीएवढा झाला होता. दक्षिणेला सॅन होजेच्या एव्हरग्रीनकडच्या टेकड्या. ग्लायडर उड्डाणाच्या सुरुवातीच्या काळातले अमेरिकन उड्डाणवीर जॉन माँटगोमेरी १९११ च्या ऑक्टोबरात तिथेच ग्लायडरमधून पडून गेले. त्या टेकड्या मी शेकडो वेळा पाहिल्या असतील. त्या दिवशी त्यांच्याकडे पाहिलं आणि मान मागे वळवून पट्टा पाहिला. मग दर दोन-तीन वळणांनी पाहत राहिलो. त्याने काही साधत नाही हे कळत होतं, तरी पाहत होतो.

दोनच्या सुमारास खाडीवरून गार वारा आत शिरला, थर्मल मोडायला लागले, आणि मी सँडी वूल तलावाजवळच्या मैदानात उतरलो. शेवटच्या क्षणी दांडी वर ढकलली, पंखाने नाक उचललं आणि पाय जमिनीला लागले. तलावाकाठी सहलीला आलेलं एक मराठी कुटुंब बघत होतं. त्यातल्या आजी, सोलापूरहून मुलाकडे आलेल्या, जवळ येऊन म्हणाल्या, "इंजिन कुठंय रे बाळा याला?" इंजिन नाही म्हटल्यावर त्यांनी पंखावरून हात फिरवला. "मग धरून कोण ठेवतं तुला?" मी त्यांना पट्टा आणि कॅराबिनर दाखवला. हात लावून त्यांनी तो ओढून पाहिला आणि मान डोलावली.

सगळे उतरल्यावर पंख घड्या घालायच्या आधी मी सगळ्यांना बोलावलं आणि घडलं ते सांगितलं. सांगायला नको वाटत होतं. नऊ वर्षांत कमावलेला लौकिक डोळ्यांसमोर येत होता. पण बोललो. नागपूरकरचा चेहरा उतरला, "माझ्यामुळे झालं, दादा." मी म्हटलं, "तुझा पंख धरायला मी उद्याही धावेन. चूक परत आल्यावर झाली." मग एकजण म्हणाला, माझं एकदा असं झालंय. मग आणखी एक. तिघांनी सांगितलं. त्यातल्या दोघांबरोबर मी कित्येक वर्षं उडतोय आणि हे मला माहीत नव्हतं.

यावर आमच्यात जुना वाद आहे. काहीजण ऑस्ट्रेलियन पद्धत पाळतात: हार्नेस आधी पंखाला अडकवायचा आणि मग तो अंगात घालायचा, म्हणजे हार्नेस अंगावर असला की अडकवलेलंच असणार. सुतारकाकांना ती पसंत नाही. अशा सवयीने 'मी अडकवलेलाच असतो' असा विश्वास बसतो आणि तो विश्वासच घात करतो, असं त्यांचं म्हणणं. धावायच्या आधीच्या काही सेकंदांत पंख उचलून बघणं, एवढंच ते मानतात. मला आता दोन्ही हवं आहे. त्या पद्धतीने मी हार्नेस घातला असता तर तिच्याकडे धावताना मला तो अंगातून काढावा लागला असता, आणि परत आल्यावर घालताना सगळं आठवलं असतं. पण खरं वाचवलं ते काकांच्या 'दाखव'ने. म्हणून दोन्हींतलं कुठलंही मी सोडणार नाही.

पुढच्या शनिवारी हवा मध्यम होती. नागपूरकर कडेला उभी होती, मी तिच्या पुढच्या तारा धरल्या होत्या. गवत वाकत वर आलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "क्लिअर."

"अडकवलंस का?"

"हो दादा."

"दाखव."

तिने पंख उचलला. पट्टे ताठ झाले. मी हात सोडले आणि बाजूला झालो.