'बाकीचे' काही बदलले का?

पाच वर्षांपूर्वी माझे वजन १०४ किलो होते, भरभर चालायला लागलो आणि आज ८८ आहे. या विषयावर बोलण्याची माझी पात्रता एवढीच. मी डॉक्टर नाही आणि व्यायामशिक्षकही नाही. तरीही चाळिशी ओलांडलेले पुरुष मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारतात. आधी बुटांची चौकशी होते, मग गुडघ्यांची, आणि मग आवाज उतरतो, "आणि… बाकीचे काही बदलले का?" या 'बाकीचे' शब्दात शिश्नाची ताठरता, कामेच्छा, दमछाक आणि अंगातला शर्ट काढण्याची लाज असे सगळेच कोंबलेले असते. तोंडी उत्तर देताना 'हो, बदलले' एवढे म्हणून मी आजवर सुटत आलो. ते उत्तर अर्धवट आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो. काही गोष्टी वजन उतरण्याच्या आधीच बदलू लागल्या, आणि ज्या वजनाबरोबर नक्की बदलतील असे मी धरून चाललो होतो, त्या बराच काळ जागच्या हलल्या नाहीत.

तेव्हा माझे वय ४३ होते. सात-आठ महिने ताठरता येत असे, पण टिकत नसे. मी आधी त्याचा दोष कामाच्या ताणाला दिला, नंतर वयाला दिला, आणि शेवटी प्रसंगच येऊ नये म्हणून लवकर झोपायला लागलो. आपल्यातच काही उणे आहे असे माझ्या पत्नीला त्या काळात वाटत होते, हे तिने मला फार उशिरा सांगितले. या साऱ्या प्रकरणात मला आजही सर्वांत अधिक बोचते ते हेच. अखेर डॉक्टरांकडे गेलो तो गोळी लिहून घ्यायला. त्यांनी गोळीचे नाव काढण्याआधी रक्तदाब मोजला, कंबरेचा घेर मोजला, रक्तातील साखर व चरबी तपासून आणायला सांगितले, आणि जिना चढताना छातीत दुखते का, छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची औषधे घेता का, सकाळी जाग येताना ताठरता असते का, असे विचारले. मला वाटले, हे विषय टाळत आहेत.

ते विषयावरच होते. ताठरता ही मुळात रक्ताभिसरणाची घटना आहे. उत्तेजना मिळाली की मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटते, त्यामुळे शिश्नातील स्पंजासारख्या ऊतींचे स्नायू सैलावतात, रक्त वेगाने आत शिरते आणि ते परत नेणाऱ्या शिरा दाबल्या गेल्याने तिथेच अडून राहते. (रक्ताभिसरणात हा वायू निरोप्याचे काम करतो, या शोधाला १९९८ मध्ये नोबेल मिळाले, आणि त्याच वर्षी या साखळीचा परिणाम टिकवून धरणारी सिल्डेनाफिल ही गोळी बाजारात आली, गोळीची चर्चा सगळीकडे झाली, अस्तराची कोणी केली नाही.) शिश्नाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांचा व्यास एक ते दोन मिलिमीटर असतो, हृदयाच्या धमन्यांचा तीन ते चार. रक्तदाब, साखर, तंबाखू आणि पोटात साठलेली चरबी यांनी हे अस्तर सगळीकडे एकदमच बिघडत असते, पण त्याचा जाच आधी बारीक नळीला होतो, आणि म्हणूनच अनेक पुरुषांत ही तक्रार हृदयविकाराच्या लक्षणांच्या दोन ते पाच वर्षे आधी उद्भवते. नायट्रेट घेणाऱ्याने ती गोळी घेतली तर रक्तदाब धोकादायक इतका कोसळू शकतो, म्हणून तो प्रश्न होता. सकाळच्या ताठरतेचा प्रश्नही तितकाच नेमका होता: ती येत असेल तर रक्तपुरवठा आणि मज्जातंतू बहुधा ठीक असतात आणि अडचण मनाच्या बाजूला शोधावी लागते. माझी सकाळची ताठरता कधी बंद पडली, हे मला सांगता आले नाही. रक्तदाब मात्र १५०-९६ निघाला.

मला भरभर चालायला सांगण्यात आले, आठवड्यातून चार दिवस, प्रत्येकी चाळीस मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. हा आकडा हवेतला नव्हता, हे मला पुढे वाचनात कळले; ताठरतेवर व्यायामाचा काय परिणाम होतो हे तपासणाऱ्या प्रयोगांचा एक आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातही आठवड्याला सुमारे १६० मिनिटे आणि सहा महिने हेच प्रमाण सुचवले आहे. मला फरक चौथ्या महिन्यात जाणवला, आणि तो आधी सकाळी जाणवला. वजनाचा काटा तोवर फारसा हललेला नव्हता, त्यामुळे मी काही दिवस त्यावर विश्वासच ठेवला नाही. पण त्यामागचे कारण साधे आहे. चालताना रक्त वेगाने वाहते, त्याचे घर्षण रक्तवाहिनीच्या अस्तराला होते, आणि त्या घर्षणाला उत्तर म्हणून ते अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करायला शिकते. रक्तदाब उतरू लागतो, साखर स्नायूंत खर्च होऊ लागते. हे सगळे घडायला आधी दहा किलो उतरावे लागत नाहीत.

याचा अर्थ वजन गौण आहे असा नाही. इटलीतील संशोधकांनी २००४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात ३५ ते ५५ वयाचे ११० लठ्ठ पुरुष होते; सगळ्यांना ताठरतेची तक्रार होती, पण मधुमेह किंवा उच्च रक्तदाब कोणालाच नव्हता. निम्म्यांना आहार आणि व्यायामाचे बारकाईने मार्गदर्शन मिळाले, निम्म्यांना वरवरची माहिती. दोन वर्षांनी पहिल्या गटातील ५५ पैकी १७ जणांची ताठरता पूर्ववत झाली होती, दुसऱ्या गटात फक्त तिघांची. उत्साही लोक यातला १७ हा आकडा सांगतात. मी उरलेले ३८ सुद्धा सांगतो, कारण वजन उतरवूनही ज्याला गोळी लागते त्याला आपण हरलो असे वाटू नये. गोळी आणि चालणे यांचे वैर नाही.

या ठिकाणी हमखास कोणीतरी टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाचे नाव काढतो. चरबीच्या पेशींतील एक विकर टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करते, लठ्ठपणात मेंदूकडून वृषणांना जाणारा संदेशही मंदावतो, आणि वजन जितके उतरेल तितकी ही पातळी वर येते, हे सगळे खरे आहे. पण ज्यांना इंजेक्शनाची घाई असते, त्यांना मी आधी झोप किती होते ते विचारतो. २०११ मधील एका लहान प्रयोगात दहा निरोगी तरुणांना एक आठवडा रोज पाचच तास झोपू दिले, तेव्हा त्यांची दिवसाची पातळी दहा ते पंधरा टक्क्यांनी घसरली. मी स्वतः घोरत असे आणि घोरता घोरता माझा श्वास अडत असे. ते थांबल्यावर इच्छा परत आली, पण ती टेस्टोस्टेरॉन वाढल्यामुळे आली की दिवसभराचा थकवा गेल्यामुळे, हे मला वेगळे करता येत नाही.

आता आरशाविषयी. जाड झालेल्या पुरुषाला आपले शिश्न लहान झाले असे वाटते, कारण त्याच्या मुळाशी, जांघेच्या वर चरबीची जी गादी तयार होते, तिच्यात लांबीचा काही भाग बुडालेला असतो. वजन उतरले की तो उघडा पडतो. लांबी वाढत नाही, जी होती ती दिसू लागते. २०१५ मध्ये पंधरा हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात ताठर अवस्थेतील सरासरी १३.१२ सेंटिमीटर आली आणि शिथिल अवस्थेतील ९.१६. पुरुषांच्या मनातील सरासरी याहून बरीच मोठी असते. शिवाय स्वतःचे शिश्न आपण नेहमी वरून पाहतो, आणि वरून पाहिलेली कोणतीही वस्तू आखूडच दिसते.

माझी खरी फजिती झाली ती पुढे. ८८ किलोंवर आल्यावरही मी दिवा बंद करूनच कपडे उतरवत असे. पोटाची कातडी लोंबत होती, छाती सैल होती, आणि डोळ्यांना तर जुनाच माणूस दिसत होता. मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधकांनी १९७० मध्ये या वृत्तीचे नेमके वर्णन केले होते: माणूस शय्येवर असूनही स्वतःकडे प्रेक्षकासारखा पाहत राहतो आणि त्या पाहण्यातच उत्तेजना विरते. याला शरीराची साथही मिळते, कारण धास्तीने सुटणारे ॲड्रेनलिन त्याच रक्तवाहिन्या आवळते ज्या सैल व्हायला हव्यात. म्हणजे चालून कमावलेले मी पोट आत ओढण्याच्या नादात घालवत होतो. पत्नीला एकदा धीर करून विचारले, तर तिने सांगितले की तुम्ही श्वास रोखून धरता हे मला कळते, पोटाचे काही कळत नाही. २००० मध्ये ऑस्ट्रिया, फ्रान्स आणि अमेरिका येथील पुरुषांवर झालेल्या एका अभ्यासाची त्यावरून आठवण होते. त्या पुरुषांनी आदर्श म्हणून स्वतःपेक्षा सुमारे तेरा किलो अधिक स्नायू असलेले शरीर निवडले आणि स्त्रियांनाही तसलेच आवडत असणार असे गृहीत धरले. स्त्रियांनी निवडलेले शरीर अगदी साधारण पुरुषाचे होते.

या तेरा किलोंच्या मागे धावताना जे होते, ते मी जिममध्ये जवळून पाहिले. एका विशीतल्या मुलाने मला हाच 'बाकीचे'चा प्रश्न विचारला, तेव्हा मी चकित झालो, कारण त्याचे दंड माझ्या मांडीएवढे होते. तो स्वतःला किडकिडीत समजत होता. या अवस्थेला १९९७ पासून 'मसल डिसमॉर्फिया' असे नाव आहे, आणि तिची गणना मानसिक विकारांत होते. तो स्नायू फुगवण्यासाठी स्टिरॉइडची, म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारख्या हार्मोनची, इंजेक्शने घेत होता. बाहेरून हार्मोन मिळाले की मेंदू वृषणांना काम सांगणे बंद करतो, वृषणे आकसतात, शुक्रजंतू शून्यावर येऊ शकतात, आणि इंजेक्शन थांबवल्यावर इच्छा व ताठरता दोन्ही कोसळतात. सगळे पूर्ववत व्हायला महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. मी त्याला थेट संप्रेरकतज्ज्ञाकडे जायला सांगितले आणि त्यांच्यापासून इंजेक्शन लपवू नकोस, एवढे बजावले.

अतिरेकाचे आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगतो. सायकलच्या अरुंद सीटने वृषणांमागील भागातील नसा आणि धमन्या दाबल्या जातात. तिथे बधिरपणा आला तर सीट बदलावी, सहन करू नये. आणि पुरेसे न खाता रोज तासन्‌तास धावणाऱ्यांची इच्छा मंदावते, कारण उपासमारीत शरीर सर्वांत आधी प्रजननाचा खर्च कापते. उलट, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम, म्हणजे लघवी मध्येच थांबवताना आवळतो तेच स्नायू, कोणी गांभीर्याने घेत नाही. २००५ मधील एका अभ्यासात तो शिकून नियमाने करणाऱ्या ५५ पुरुषांपैकी चाळीस टक्क्यांची ताठरता सहा महिन्यांत पूर्ववत झाली होती. मी तो वाट पाहण्याच्या कोणत्याही रांगेत करतो.

एवढे ऐकल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पण किती किलो उतरल्यावर फरक पडला?" माझ्याकडे त्या काळातील वही आहे. तिच्यात प्रत्येक आठवड्याला डाव्या बाजूला चाललेली मिनिटे लिहिलेली आहेत आणि उजव्या बाजूला वजन. ज्या आठवड्यात मला पहिल्यांदा फरक जाणवला, त्या पानावर डावीकडे १६५ आहे आणि उजवीकडे १०१.