पवनचक्की कुणाची?

माझ्या पीएचडीचा विषय ऐकला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "म्हणजे लोक पवनचक्क्यांना विरोध का करतात, तेच ना?" मला या प्रश्नाचीच अडचण वाटते. प्रकल्प बरोबर आणि लोक अडाणी, हे त्यात आधीच धरलेलं असतं. 'वीज हवी, पण आमच्या दारात नको' असा शिक्का मारला की पुढे विचार करायला नको. मार्टेन वोल्सिंक आणि पॅट्रिक डिव्हाइन-राइट या संशोधकांनी हा शिक्का किती पोकळ आहे ते दाखवलं, त्याला बरीच वर्षं झाली. तरी तो पुसला जात नाही.

म्हणून गियाबद्दल लिहिते. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, किंटायर द्वीपकल्पासमोर हे छोटं बेट आहे. टेइनलोनच्या धक्क्यावरून फेरीबोटीने वीसेक मिनिटं. पिढ्यानपिढ्या जवळपास अख्खं बेट एकाच मालकाचं असायचं. मालक बदलला की सगळ्यांचं नशीब बदलायचं. २००२ मध्ये तिथल्या शंभरेक रहिवाशांनी ट्रस्ट स्थापन केला आणि सार्वजनिक निधी व कर्ज उभं करून सुमारे ४० लाख पौंडांना बेटच विकत घेतलं. बहुतेक घरांची अवस्था वाईट होती. दुरुस्तीला दरवर्षी हातात येणारा पैसा हवा होता, आणि वारा तर भरपूर होता.

त्यांनी इंग्लंडमधल्या कम्ब्रियातून तीन वापरलेल्या पवनचक्क्या आणल्या, प्रत्येकी २२५ किलोवॉटच्या. २००४-०५च्या हिवाळ्यात त्या सुरू झाल्या. ग्रिडला जोडलेला आणि लोकांच्या मालकीचा असा स्कॉटलंडमधला हा पहिलाच पवन प्रकल्प. वीज विकून येणाऱ्या पैशातून कर्ज फेडायचं, देखभाल करायची, चक्क्या थकल्यावर नव्या घेण्यासाठी काही रक्कम बाजूला टाकायची आणि उरेल ते घरांसाठी ट्रस्टला द्यायचं. हे बाजूला टाकणं मला फार मोलाचं वाटतं. दुरुस्तीचा पैसा कुणाच्याच हिशेबात नसला की अनुदानावर उभा राहिलेला प्रकल्प पहिल्या मोठ्या बिघाडाला बसतो.

बेटावरचे लोक या तिघींना 'डान्सिंग लेडीज' म्हणतात. तिथल्या जुन्या गेलिक भाषेत त्यांची नावं श्रद्धा, आशा आणि दया अशा अर्थाची आहेत.

वॉरन आणि मॅकफॅडयेन या संशोधकांनी २०१० च्या एका अभ्यासात गियाच्या रहिवाशांची तुलना समोरच्या किंटायरमधल्या लोकांशी केली. किंटायरच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या कंपन्यांच्या आहेत. गियाचे लोक पवनऊर्जेबद्दल जास्त अनुकूल निघाले. पण या निष्कर्षाचा दुसरा भाग फारसा कुणी सांगत नाही : किंटायरचे लोकही काही कट्टर विरोधक नव्हते. फरक होता तो कमी-जास्तीचा.

मला इथे आणखी एक शंका आहे. गियाच्या लोकांनी आधी जमीन मिळवली, चक्क्या नंतर आल्या. म्हणजे जिव्हाळा चक्कीच्या मालकीतून आला, की एकत्र बसून निर्णय घ्यायची सवय लागली होती त्यातून? वॉकर आणि डिव्हाइन-राइट यांनी २००८ मध्ये दोन प्रश्न वेगळे काढले : प्रकल्प कोण चालवतं, आणि फायदा कुणाला मिळतो. गियात दोन्हींचं उत्तर एकच, त्यामुळे कशाचा परिणाम किती हे सुटं करता येत नाही. नुसते शेअर वाटले की लोक खूश होतील, असं गियाकडे बोट दाखवून सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

मी पाटण तालुक्यातली. वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. यंत्राची घटती किंमत खर्चात दाखवून कर वाचवता येतो, त्या घसाऱ्याच्या कर-सवलतीने कुठल्याकुठल्या शहरांतले गुंतवणूकदार तिथे आले. आमच्याकडच्या लोकांना पवनचक्की आवडते की नाही, हे मला कधी महत्त्वाचं वाटलंच नाही. जमीन कुणी, कशी घेतली, रस्ता कुणाच्या वावरातून गेला आणि ठरवताना गावाला कुणी विचारलं का, हे विचारा. लोक तासन्‌तास बोलतील.

माझ्या प्रश्नावलीत 'तुमचा पाठिंबा आहे का' हा प्रश्न आता शेवटी गेलाय. सुरुवात अशी करते : पहिली बैठक कुणी बोलावली, तुम्ही होता का, आणि तेव्हा जागा ठरलेली होती की ठरायची होती? या तिसऱ्या उत्तरावर मी सर्वांत जास्त वेळ देते. जागा आधीच ठरलेली होती असं सांगणारा माणूस पुढच्या प्रत्येक उत्तरात तिथेच परत येतो, भरपाई कितीही मिळालेली असो.