जानेवारीत कूबर पेडी, तेही आईबाबांना घेऊन

आईबाबा चंद्रपूरहून ॲडलेडला आले ते नेमके जानेवारीत, आणि बाबा म्हणजे अख्खी नोकरी कोळशाच्या अंडरग्राउंड खाणीत काढलेला माणूस, त्यांना बीचबीचमध्ये काडीचा इंटरेस्ट नाही, कूबर पेडीला जाऊन ओपलची, म्हणजे रंग खेळणाऱ्या मौल्यवान दगडाची, खाण बघायची म्हणजे बघायचीच. म्हटलं बाबा, ऑस्ट्रेलियात आत्ता भर उन्हाळा, तिथे 45 च्या वर जातं, लोक एप्रिल ते सप्टेंबरमध्ये जातात. तर म्हणे, "चांद्याच्या माणसाले उन्हाचं सांगतं का बे?" विषय संपला.

ॲडलेडपासून साधारण 850 किमी आहे. भाड्याची गाडी घेत असाल तर किलोमीटर अनलिमिटेड आहेत का आणि अंधारात गावाबाहेर चालवली तर इन्शुरन्स चालतो का हे आधी विचारून घ्या, कारण झुंजूमुंजू आणि तिन्हीसांजेला कांगारू थेट रस्त्यात येतात. आम्ही पोर्ट ऑगस्टाला मुक्काम केला आणि सकाळी नीट उजाडल्यावरच निघालो. पुढे 540 किमी नुसता सरळसोट स्टुअर्ट हायवे, मधे रेंज जवळपास नाहीच, ग्लेनडाम्बोला टाकी फुल करायचीच कारण त्यानंतर अडीचशे किमी पंप नाही. आणि रोड ट्रेन! एकामागे एक ट्रेलर जोडलेला 53 मीटरचा ट्रक, ओव्हरटेक करायला घेतला की संपतच नाही, आई मागे रामरक्षा म्हणत होती. पाण्याचे कॅन डिकीत न ठेवता हाताशी ठेवा, एवढं मात्र ऐका.

गाव जवळ आलं की दोन्ही बाजूंना पांढरट मातीचे ढीगच ढीग दिसायला लागतात, प्रत्येक ढिगाशेजारी खाली जाणारं एक भोक, बरीचशी उघडी, म्हणून पाट्या लावल्यात की पळू नका, मागे मागे चालत जाऊ नका. फोटो काढणाऱ्यांसाठीच आहे ते. गाडीतून उतरल्यावर बाबा दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "आपल्याकडं निदान लिंबाची सावली तरी रायते." झाड नाहीच हो तिथे. ऊन कोरडं, घाम आल्याचं कळतच नाही, आणि माश्या डोळ्यात नाकात घुसतात, डोक्यावर घालायची जाळी आधीच घेऊन ठेवा, दिसायला कसंही दिसू दे.

पण जमिनीखालच्या हॉटेलात शिरलो आणि एकदम गार. एसी नाही काही नाही, वर्षभर 23 ते 25 च्या आसपास असतं. बरेच लोक असेच डगआउटमध्ये, म्हणजे दगडात कोरलेल्या घरांत, राहतात, चर्चसुद्धा खालीच आहे. बाबा बॅग न ठेवताच भिंतीवर हात फिरवायला लागले. लालसर पांढऱ्या दगडावर मशीनच्या दातांचे गोल गोल ओरखडे तसेच ठेवलेले, वरून पारदर्शक लेप, धूळ झडू नये म्हणून. त्यांचा पहिला प्रश्न, "छताला सपोर्ट कुठाय?" कोळशाच्या खाणीत छताला रूफ बोल्ट (छतात ठोकलेल्या लोखंडी सळ्या), टिंबर (लाकडी टेकू) नसेल तर आत पाऊल टाकत नाहीत, आणि इथे एवढी मोठी खोली, खांब नाही. वाळूचाच दगड पण स्वतःला धरून राहतो. रात्री बाबा बराच वेळ छताकडेच बघत पडले होते.

खाणीच्या टूरमध्ये तर गाईडला बिचाऱ्याला श्वास घेऊ दिला नाही. 1915 मध्ये सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या विली हचिसन नावाच्या चौदा वर्षांच्या पोराला इथे ओपल सापडलं, तिथून गाव सुरू. बाबांना सगळ्यात नवल वाटलं ते हे की इथे मोठी कंपनी नाही. परमिट काढा, 50 बाय 50 मीटरचा क्लेम म्हणजे खणायच्या हक्काचा तुकडा खुंट्या मारून घ्या आणि दोघं तिघं मिळून खणा. मीटरभर रुंदीचं भोक ड्रिलने पाडतात, खालचा चुरा ब्लोअर म्हणजे ट्रकवरचा अवाढव्य व्हॅक्युम वर ओढतो. त्याच चुऱ्यात राहून गेलेलं ओपल टुरिस्ट लोक शोधतात, त्याला नूडलिंग म्हणतात, पण त्यासाठी गावात राखून ठेवलेली जागा आहे तिथेच करा, कुणाच्याही क्लेमवर शिरू नका. आम्ही सकाळी सातला गेलो, नऊला ऊन असह्य झालं. आईला करड्या रंगाचे दोन तुकडे मिळाले, दुकानदार म्हणाला हे पॉच, रंग खेळत नाही म्हणजे किंमत नाही. तरी तिने रुमालात बांधून घेतले.

विकत घेताना सॉलिड म्हणजे अख्खा ओपल आहे, डब्लेट की ट्रिप्लेट ते विचारा. डब्लेटमध्ये ओपलचा पातळ काप काळ्या पाठीवर चिकटवलेला असतो, ट्रिप्लेटमध्ये वरून काचेसारखी टोपीपण, आणि बाजूने बघितलं तर चिकटवल्याची सरळ रेघ दिसते. अंगठीत बसवलेला असेल तर ही रेघ झाकली जाते, म्हणून सुटा दगडच बघा.

गावाबाहेरच्या ब्रेकअवेज नावाच्या टेकड्यांकडे जायचं तर आधी पास काढावा लागतो, रस्ता कच्चा आहे, पाऊस पडला की बंद. आम्ही उन्हं उतरल्यावर गेलो पण अंधाराच्या आत गावात परत. बाबांचं मात्र तिथल्या रंगीत टेकड्यांकडे लक्षच नव्हतं, क्लेमची फी किती आणि परदेशी माणसाला परमिट मिळतं का, हेच चालू होतं.