दोन नद्यांच्या मुखांपुरता उरलेला पाइपफिश

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात हिंदी महासागराला मिळणाऱ्या मोजक्या लहान नद्यांच्या मुखांशी सिंग्नॅथस वॉटरमेयरी हा पाइपफिश राहतो आणि जगात इतरत्र तो कुठेही सापडत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झाल्याचे मानले गेलेला सीलाकँथ हा मासा ओळखून जगाला थक्क करणारे मत्स्यतज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांनीच 1963 मध्ये या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. सीलाकँथ पुढे घरोघरी पोहोचला. हा दाभणासारखा मासा मात्र अभ्यासकांच्या वर्तुळातच राहिला, आणि मला तो सीलाकँथइतकाच कुतूहलाचा वाटतो.

समुद्रघोड्याच्या कुळातला हा मासा फार तर पंधरा सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडांची कडी असल्यामुळे शरीर ताठ राहते, पोटाकडचे पर नसतात आणि पुढे सरकण्याचे बहुतेक काम पाठीवरचा एकुलता पर भराभर हलून करतो. साहजिकच त्याला वेगाने पळता येत नाही. गवताच्या पात्यांमध्ये पात्यासारखेच निश्चल राहणे हाच त्याचा बचाव असतो आणि शिकारीची युक्तीही तीच. कोपेपॉडसारखा सूक्ष्म कवचधारी जीव तोंडाच्या टप्प्यात आला, की डोके झटक्यात वर उचलले जाते, नळीसारख्या मुखात पोकळी निर्माण होते आणि भक्ष्य पाण्यासकट आत ओढले जाते. हे सारे पापणी लवायच्या आत घडते. तोंडात दात नाहीत आणि शरीरात जठरही नाही, त्यामुळे एकदा भरपूर खाऊन बराच काळ निभावून नेण्याची सोय त्याला नाही; अन्न थोडे थोडे पण सतत मिळत राहावे लागते.

पिलांची जबाबदारी नराकडे असते. मादी आपली अंडी नराच्या शेपटीखालच्या पिशवीत सोडते. दोन्ही बाजूंच्या त्वचेच्या घड्या मधोमध जुळून ही पिशवी तयार झालेली असते. आतल्या अंड्यांना प्राणवायू पुरवणे आणि क्षारांचा समतोल राखणे ही कामे नराचे शरीर करते. बाहेर पडणारी पिले आईबापांच्याच घडणीची, फक्त इवलीशी असतात.

या माशाचे घर म्हणजे झोस्टेरा कॅपेन्सिस या समुद्रगवताची पाण्याखालची कुरणे, आणि ज्या नद्यांची मुखे वाळूच्या बांधाने अधूनमधून बंद होतात तेथे रुपिया ही पाणवनस्पती. परंतु गवत असले म्हणजे सारे जमले असे नाही, आणि माझ्या मते या जातीच्या कहाणीतला सर्वांत महत्त्वाचा भाग हाच आहे. पावसानंतर नदीतून गोड्या पाण्याचा लोंढा आला, की त्यासोबत पोषकद्रव्ये येतात, वनस्पतिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, वाढतात आणि पाठोपाठ कोपेपॉडांची संख्या वाढते. नद्यांवर वरच्या अंगाला धरणे आणि बंधारे झाल्यापासून हे लोंढे क्षीण झाले. करिएगा नदीच्या खाडीत तर अवर्षणाच्या काळात समुद्रापासून दूर, वरच्या भागातले पाणी समुद्रापेक्षाही खारट होते. सर्वसाधारण खाडीत असते त्याच्या हे नेमके उलट आहे.

करिएगा, कासूगा आणि बुशमन्स या तीन नद्यांच्या मुखांतून ही जात मुळात माहीत झाली होती. पुढे ती कुठेच मिळेना, म्हणून 1994 मध्ये ती नामशेष मानली गेली. दोनच वर्षांनी, 1996 मध्ये, ईस्ट क्लाइनमॉन्ड या छोट्या नदीच्या मुखात ती पुन्हा सापडली. कालांतराने तेथूनही ती दिसेनाशी झाली; मात्र करिएगा व बुशमन्स या खाड्यांत ती पुन्हा मिळाली आणि आता तिची भिस्त या दोनच खाड्यांवर आहे. निसर्गसंवर्धनासाठी काम करणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या लाल यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे.

त्याच गवतात तिचा लांब मुस्कटाचा भाऊबंद, सिंग्नॅथस टेमिंकी, राहतो. धरणांचा फटका त्यालाही बसतो, पण त्याचा पसारा दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर दूरवर आहे आणि तो समुद्रातही जगतो, त्यामुळे एखादी खाडी बिघडली तरी त्याची जात टिकते. वॉटरमेयरीला ही मोकळीक नाही. एका खाडीतून नाहीशी झाली, तर शेजारच्या खाडीतून तिने समुद्रमार्गे परतण्याची आशा फार थोडी. नष्ट झालेले गवत पुन्हा लावून वाढवण्याचा प्रयत्न करता येईल. परंतु त्यात कोपेपॉड पुरेसे हवे असतील, तर मुळातच पाण्याची टंचाई असलेल्या या प्रदेशात धरणांतून वेळोवेळी पाणी सोडावे लागेल, आणि खरी अडचण तेथेच आहे.