मोडक्या फ्यूजवरची रेघ

आमचे नायना, म्हणजे वडील, सोलापुरात मिलच्या बॉयलरवर कामाला होते. मी नववीत असताना, 1986 साली, एका संध्याकाळी त्यांनी खिशातून कोळशाचं ढेकूळ काढून माझ्या हातावर ठेवलं. काळ्या कोळशात पिवळाधमक, चकचकीत पट्टा. अम्माने आधी दाराला कडी घातली, मग ते पेपरात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. चाळीत कुणाला कळलं असतं तर!

दुसऱ्या दिवशी त्यातला एक तुकडा विज्ञानाच्या सरांना दाखवला. सर हसले नाहीत, याचं मला अजून अप्रूप आहे. त्यांनी खणातून चिनीमातीच्या मोडक्या फ्यूजचा तुकडा काढला, फुटलेली, बिनझिलईची बाजू वर केली आणि माझं सोनं त्यावर दाबून ओढलं. रेघ उमटली हिरवट काळी. मग स्वतःच्या बोटातली अंगठी काढून शेजारी हलकेच ओढली. ती रेघ पिवळी.

"सोनार काळ्या दगडावर कस लावतो, आपण पांढऱ्यावर. वरचा रंग सोड, भुकटीचा बघ."

माझं सोनं म्हणजे पायराइट निघालं. लोखंड आणि गंधक. कोळशात ते सर्रास सापडतं.

मग महिनाभर वर्गाला दुसरं काही सुचेना. सरांकडे बळ्ळारीकडचा हेमॅटाइट होता, लोखंडाचं खनिज. दिसायला काळपट, हाताला जड. पण फ्यूजवर ओढला की तांबडी रेघ. आजी तुळशीवृंदावनाला लावायची त्या गेरूचा तांबडेपणा याच खनिजाचा, हे तेव्हा कळलं. मॅग्नेटाइट, लोखंडाचंच दुसरं खनिज, तसाच काळा, पण त्याचा कसही, म्हणजे रेघही, काळा, आणि त्याला लोहचुंबक चिकटायचं.

माझी फजिती गारगोटीने केली. शेतातल्या नव्या विहिरीच्या ढिगाऱ्यातून पांढरे खडे आणले होते. एक ओढला, पांढरी रेघ आली, मी वहीत लिहिलं, 'कस पांढरा'. सरांनी ओल्या बोटाने रेघ पुसली. खाली ओरखडा तसाच! भुकटी खड्याची नव्हती, फ्यूजची होती. गारगोटीची कठिनता 10 पैकी 7, चिनीमाती तिच्यापुढे थोडी मऊच.

खरं सांगायचं तर सोलापुरात नुसत्या कसावर फारसं भागत नाही. पायाखाली सगळा काळा बेसॉल्ट, आणि त्याच्या पोकळ्यांत मिळणारे खडे बहुतेक पांढरे किंवा फिके. गारगोटी, कॅल्साइट, झिओलाइट, कसात सगळे सारखेच. तिथे खिळा लागतो. कॅल्साइटवर खिळ्याचा चरा सहज उठतो, गारगोटीवर उठत नाही. कॅल्साइट फुटतो तोही तिरक्या चौकोनी फोडींत, आणि त्यावर पातळ ॲसिडचा थेंब टाकला की फसफसतो. शहाबादी फरशीही तशीच फसफसते, ती चुनखडीचीच.

आज माझं फरशीचं दुकान आहे. पांढरा दगड दाखवून "हे मार्बल की ग्रॅनाइट?" विचारणारं गिऱ्हाईक रोज एक तरी येतं. मी खिळा काढतो, मार्बल कॅल्साइटचाच. पोरं म्हणतात, बाबा, मालावर चरे पाडू नका.

त्या पेटीतलं ढेकूळ दहावीच्या सुट्टीत आठवलं. अम्माने पेटी उघडली तर आत गंधकाचा उग्र वास, पट्ट्याच्या जागी करडी-पांढरी भुकटी, आणि खालचा पेपर तपकिरी पडून हात लावताच चुरा होत होता. सरांना सांगितलं तर म्हणाले, "दमट हवा लागली, ॲसिड तयार झालं. लुगडं नव्हतं ना खाली?"

होतं.