आमची वाटचाल: फोन उचलणारं कुणीतरी हवं

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. एप्रिल २०१४ मध्ये विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट बंद झाले आणि शाळांचे फोन वाढले. मशीन जुनी, पेनड्राइव्हमधून आलेले व्हायरस आणि मागणी एकच, ‘फॉरमॅट मारून द्या.’ नवे परवाने घ्यायला शाळेकडे पैसे नाहीत आणि विनापरवाना प्रत टाकायला माझं मन धजेना. मुलांच्या हातात पहिल्याच तासाला चोरीची वस्तू द्यायची, हे मला फार खुपायचं.

म्हणून एका शाळेत दहा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली टाकली, एक पैसाही न घेता. दोन महिन्यांनी सहज डोकावलो तर लॅबला कुलूप. प्रिंटर जोडला जात नव्हता, एवढंच. बाई म्हणाल्या, “विचारायचं कुणाला तेच कळेना, सर.” पाच मिनिटांच्या कामासाठी मुलं दोन महिने संगणकाला शिवली नव्हती. चूक माझी होती. फुकट देऊन मी मोकळा झालो होतो.

तिथून आम्ही शाळांशी देखभालीचा वर्षाचा करार करायला लागलो. संस्थेच्या बैठकीत प्रश्न ठरलेला असायचा, “फुकटच्या सॉफ्टवेअरचे पैसे कसले?” आपल्या भाषेत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे मला समजावणं सोपं गेलं. मुक्त म्हणजे वापरा, आत काय आहे ते बघा, बदला, दुसऱ्याला द्या. लिनक्सचा गाभा ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतो, त्याच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीतच लिहिलंय की प्रत पोचवण्याचं आणि हमीचं शुल्क घेता येतं. आम्ही पैसे घेतो ते येण्याजाण्याचे, शिक्षकांना शिकवण्याचे आणि फोन उचलण्याचे.

काम काय असतं, ते एका बाईंच्या प्रश्नपत्रिकांवरून सांगतो. बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये, म्हणजे युनिकोड ही अक्षरांची आजची सामायिक पद्धत रुळण्याआधीच्या. लिबरऑफिस या वर्डसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. नुसती अक्षरं बदलली की वेलांटी शेजारच्याच्या डोक्यावर जाऊन बसते. आमच्या मुलीने छोटा प्रोग्राम लिहिला, रफारासाठी वेगळा नियम घातला आणि बाईंजवळ बसून दोन दुपारी एकेक पान ताडून पाहिलं. तोच प्रोग्राम पुढे आम्ही इतर शाळांनाही दिला. एका शाळेने मोजलेल्या पैशांतून सगळ्यांचं काम झालं, याचा मला मनापासून आनंद आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी शहरात शिरलं. माझं दुकान गेलं. एका शाळेची तळमजल्यावरची लॅब चिखलाने भरली. तिथे आम्ही एका दणकट मशीनवर सगळी प्रणाली ठेवून बाकीची जुनी मशीन नेटवर्कवरून चालवत होतो. ते मुख्य मशीन, म्हणजे सर्व्हर, संपला, पण त्याची बॅकअप डिस्क आमच्या सहकाऱ्याच्या घरी, उंचावरच्या वाडीत होती. मदत म्हणून वापरलेली मशीन आली तेव्हा त्याच डिस्कवरून लॅब उभी केली. बिलं, कागद सगळं वाहून गेलं होतं. विकतच्या सॉफ्टवेअरसारख्या परवान्याच्या किल्ल्या, म्हणजे कोड, शोधायची वेळ आली असती तर काय केलं असतं? कोरोनाने बंद असलेले वर्ग ऑक्टोबरमध्ये भरले, तेव्हा मुलं जीकॉम्प्रिसचे शैक्षणिक खेळ आणि गणितासाठीचं जिओजेब्रा उघडून बसली.

केरळने सरकारी शाळांत मुक्त प्रणाली रुजवली ती शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मागे उभी असलेली माणसं यांच्या जोरावर. आम्ही चौघं तेच तालुक्यापुरतं करतो.

गेल्या वर्षी एका शाळेने आमचा करार थांबवला. त्यांच्याच एका माजी विद्यार्थ्याने गावात हे काम सुरू केलंय. वाईट वाटलंच, पण शाळेचं काही अडलं नाही. पासवर्ड, बॅकअप डिस्क आणि प्रत्येक मशीनचा इतिहास लिहिलेली वही मी त्याच्या हाती दिली. पहिल्या पानावर प्रिंटर कसा जोडायचा ते लिहिलं होतं.